अंगणात आलेली शाळा : पद्मभूषण ताराबाई मोडक

अंगणवाडी कोठे आहे हे बीड जिल्ह्यातील कोणत्याही गावात विचारावे, पाच वर्षांचे मूलही बोट दाखवून सांगते. आष्टी-पाटोद्याच्या डोंगरपट्ट्यापासून गोदाकाठच्या गेवराई-माजलगावपर्यंत हा शब्द इतका घरचा झाला आहे, की तो कोणी घडविला असेल असा विचारही मनात येत नाही. या शब्दामागे एका विदुषीचे जवळपास पन्नास वर्षांचे चिंतन आणि तेवढेच कष्ट उभे आहेत. त्या विदुषी म्हणजे थोर बालशिक्षणतज्ज्ञ पद्मभूषण ताराबाई मोडक. लहान मूल हट्ट का करते, एकच कृती पुन:पुन्हा का करते, वस्तू का फोडते, शाळेत का रमत नाही, या प्रश्नांची उत्तरे शिक्षेत न शोधता मुलाच्या वाढीत शोधावीत, हा विचार मराठी घराघरांत नेण्यासाठी त्यांनी आयुष्य वेचले.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजाच्या विचारांचे. ज्या काळी मुलीला अक्षरओळख झाली तरी पुष्कळ झाले असे मानले जाई, त्या काळी केळकरांच्या घरात मुलींनी शिकावे हे गृहीतच होते. वाचन, संगीत, सुधारणावादी मंडळींची ये-जा अशा वातावरणात ताराबाई वाढल्या. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. झाल्या. पुढच्याच वर्षी अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हा संसार सुखाचा झाला नाही. १९२१ साली पतिपत्नी विभक्त झाली आणि लहानग्या प्रभेला घेऊन ताराबाईंना स्वत:च्या पायावर उभे राहावे लागले. त्या काळात घटस्फोटित स्त्रीकडे समाज कोणत्या दृष्टीने पाहत असे, हे येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. ताराबाईंनीही त्या दु:खाचे भांडवल कधी केले नाही.

राजकोट येथील बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजचे प्राचार्यपद त्यांना मिळाले. त्या पदावर येणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री मानल्या जातात. मान, वेतन, स्थैर्य या सर्व दृष्टींनी ही नोकरी उत्तम होती. एकट्या स्त्रीने, तेही पदरी लहान मूल असताना, अशी नोकरी घट्ट धरून ठेवावी हाच व्यवहार. ताराबाईंनी ती १९२३ साली सोडली आणि त्या भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात दाखल झाल्या.

गिजुभाईंचे नाव गुजराती वाचणाऱ्या घरांना नव्याने सांगावयास नको. ते मूळचे वकील. स्वत:च्या मुलाच्या शिक्षणाच्या विवंचनेतून ते बालशिक्षणाकडे वळले आणि १९२० मध्ये त्यांनी भावनगरला बालमंदिर सुरू केले. इटलीतील डॉक्टर मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत बालगृह उघडून जे प्रयोग केले होते, ते भारतीय मातीत रुजविण्याचा गिजुभाईंचा प्रयत्न होता. मोठ्या मिशांच्या या गृहस्थांना लोक प्रेमाने मिशाळ आई म्हणत. मुलांमध्ये बसून गोष्टी सांगणारा पुरुष हे दृश्यच त्या काळी नवलाचे होते.

भावनगरच्या नऊ वर्षांत ताराबाई सर्वप्रथम मुलांकडे पाहण्यास शिकल्या. हे वाक्य साधे वाटते. त्यातील शिस्त फार कठीण आहे. सर्वसाधारण शिक्षक मुलाला काही सांगत असतो, दाखवीत असतो, थांबवीत असतो. बालमंदिरातील शिक्षिकेने मात्र आधी गप्प बसून पाहावयाचे, टिपण ठेवावयाचे आणि मगच हस्तक्षेप करावयाचा किंवा नाही हे ठरवावयाचे. असे पाहू लागले की घरोघर खोड म्हणून गणल्या जाणाऱ्या गोष्टींचा अर्थ उलगडू लागतो. अडीच वर्षांचे मूल एका भांड्यातील पाणी दुसऱ्यात, दुसऱ्यातील पहिल्यात असे अर्धा तास ओतत बसते. आईला ते पाण्याची नासाडी वाटते. प्रत्यक्षात ते मूल मनगट, बोटे आणि डोळे यांचा मेळ घालीत असते. तो मेळ बसेपर्यंत त्याला थांबवत नाही आणि बसला की ते आपोआप उठून जाते. कडी लावणे-काढणे, डबे एकात एक घालणे, जिन्याच्या त्याच पायऱ्या दहा वेळा चढणे-उतरणे, एकच गोष्ट रोज रात्री एकाही शब्दाचा फरक न करता ऐकण्याचा आग्रह धरणे, या सर्वांमागे हीच भूक आहे. मोठा माणूस काम संपविण्यासाठी करतो. मूल स्वत: घडण्यासाठी करते.

नेहमीच्या जागी नेहमीची वस्तू नसली की दोन-अडीच वर्षांचे मूल आकांत करते, त्याचाही असाच उलगडा होतो. जग त्याला अजून नवे आहे. ताट येथे, पाट तेथे, आजोबांची काठी कोपऱ्यात, हा क्रम हाच त्याचा नकाशा असतो. तो बिघडला की ते घाबरते आणि त्या भीतीला घरातील माणसे हट्ट म्हणतात. चार वर्षांच्या मुलाने अंगणात वाघ पाहिल्याचे सांगितले तर ते खोटे बोलत आहे असे समजून त्याला मार देण्याची रीत घरोघर होती. त्या वयात पाहिलेले आणि मनात उमटलेले यांच्यातील भिंत अजून पक्की झालेली नसते, हे ध्यानी घेतले तर त्याच वाघाची छान गोष्ट होते. धाकटे भावंड आल्यावर मोठे मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागते, बोबडे बोलू लागते, तेव्हा त्याला लाज आणण्यापेक्षा ते काय मागत आहे हे पाहावे. दुसऱ्याच्या हातातील खेळणे हिसकावणारे मूल दुष्ट नसते; वाटून घेणे ही त्या वयात अजून न आलेली विद्या असते.

या दृष्टीतून बालमंदिराचे नियम ठरले. छडी नाही, बक्षीस नाही, पहिला नंबर नाही. छडी का नको हे पालकांना पटविणे त्या मानाने सोपे गेले असावे. बक्षीस का नको हे आजही अनेकांच्या गळी उतरत नाही. बक्षिसाची सवय लागलेले मूल कामाकडे न पाहता देणाऱ्याच्या तोंडाकडे पाहू लागते, एवढे साधे त्याचे कारण. स्वातंत्र्य म्हणजे मोकाटपणा अशी टीका तेव्हाही झाली. वस्तू जेथून घेतली तेथे परत ठेवणे, दुसऱ्याचे काम न मोडणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे एवढी बंधने बालमंदिरात कसोशीने पाळली जात, हे टीकाकार सोयीने विसरत.

१९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. याच सुमारास गिजुभाई आणि ताराबाई यांच्या संपादनाखाली गुजराती शिक्षणपत्रिका निघू लागली. मराठीत असे काही नव्हते. ती उणीव ताराबाईंनी १९३३ पासून मराठी शिक्षणपत्रिका काढून भरून काढली आणि पुढे वीसहून अधिक वर्षे ते मासिक चालविले. त्यातील लेखनाचा रोख शिक्षकांइतकाच आईवडिलांकडे होता. मूल जेवत नाही, अंधाराला भिते, मारकुटे झाले आहे, अशा घरगुती प्रश्नांवर शास्त्राच्या आधाराने परंतु स्वयंपाकघरातील भाषेत लिहिणे ही त्या काळी नवी गोष्ट होती. १९३६ मध्ये मुंबईत दादर येथे शिशुविहार सुरू झाले आणि जोडीला बालशिक्षिका घडविणारे अध्यापन मंदिरही उभे राहिले. १९३९ मध्ये दोन घटना घडल्या. गिजुभाईंचे निधन झाले आणि स्वत: माँटेसरीबाई भारतात येऊन मद्रासच्या अड्यार येथे शिक्षकांना शिकवू लागल्या. बालशिक्षणाला सुशिक्षित समाजात प्रतिष्ठा प्राप्त होत होती.

आणि याच ठिकाणी ताराबाईंचे मन अस्वस्थ झाले. शिशुविहारात येणारी मुले कोणाची होती? डॉक्टर, वकील, प्राध्यापक, व्यापारी यांची. माँटेसरी पद्धतीची साधने सुबक, मापात कापलेली, महागडी. ज्या पद्धतीचा जन्म रोमच्या गरीब वस्तीत झाला, ती भारतात येईपर्यंत श्रीमंतांची होऊन बसली होती. खेड्यातील मुलाची बोटे, डोळे आणि जिज्ञासा शहरी मुलापेक्षा वेगळी नव्हती. मग त्याच्या वाट्याला हे का येऊ नये? गांधीजींची बुनियादी शिक्षणाची योजना १९३७ साली वर्ध्यात मांडली गेली होती, पण ती सात वर्षांच्या पुढील मुलांची होती. सातच्या आतील मुलाचे काय, हा प्रश्न मोकळाच राहिला होता. ताराबाईंनी तो आपला मानला.

१९४५ साली वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी ताराबाई मुंबई सोडून ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी आल्या. (हा भाग २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडतो.) त्याच वर्षी त्या परिसरात जमीनदार आणि सावकार यांच्या वेठबिगारीविरुद्ध वारल्यांनी प्रखर लढा उभारला होता, हे लक्षात घेतले म्हणजे ताराबाईंनी कोणत्या भूमीत पाय ठेवला याची कल्पना येईल. येथे त्यांना अनुताई वाघ भेटल्या असे म्हणण्यापेक्षा लाभल्या असे म्हणावे. १९१० साली जन्मलेल्या अनुताई बालपणीच विधवा झाल्या होत्या, मोठ्या जिद्दीने शिकल्या होत्या आणि कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरातून ग्रामसेवेचा निश्चय करून निघाल्या होत्या. गुरू-शिष्या, आई-मुलगी आणि सहकारी अशा तिहेरी नात्याने या दोघी पुढील अठ्ठावीस वर्षे एकत्र राबल्या.

ग्राम बालशिक्षा केंद्राची बालवाडी बोर्डीत सुरू झाली आणि पहिला धडा शिक्षिकांनाच मिळाला. गावातील बऱ्या स्थितीतील घरची मुले आली. ज्यांच्यासाठी सारा खटाटोप केला ती हरिजनवाड्यातील आणि आदिवासी पाड्यांवरील मुले येईनात. बोलावणी झाली, समजूत घालून झाली. दोन दिवस मूल येई, तिसऱ्या दिवशी गायब. एखाद्या संस्थेने येथे नोंदवहीत पालक उदासीन असा शेरा मारून हात झटकले असते. ताराबाईंनी मुलांच्या वागणुकीला जो नियम लावला होता, तोच पालकांच्या वागणुकीला लावला : आधी पाहावे, कारण शोधावे. आई पहाटे कामाला जाते, मुलाला आंघोळ कोण घालणार? अंगावर धड कपडा नाही, तर नीटनेटक्या मुलांत ते बसणार कसे? घरात तान्हे मूल असेल तर सहा वर्षांची बहीण शाळेत आली म्हणजे त्याला कोण पाहणार?

मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या दारात जावे, असा निर्णय झाला. शिक्षिका सकाळी पाड्यावर जाऊ लागल्या. एखाद्या झोपडीसमोरचे अंगण झाडावे, मुलांना हाका माराव्यात, हातपाय धुवावेत, केस विंचरावेत, नखे कापावीत आणि तेथेच गाणी, गोष्टी, खेळ सुरू करावेत. सुरुवातीला आया दुरून पाहत. काही दिवसांनी अंगण आधीच सारवून ठेवलेले असे. ही अंगणबालवाडी. आज देशभर परिचित असलेल्या अंगणवाडी या नावाचे आणि कल्पनेचे मूळ येथे सापडते.

साधनांचा प्रश्नही अंगणानेच सोडविला. लहानापासून मोठ्यापर्यंत क्रम लावण्यासाठी मापात कापलेले लाकडी ठोकळे कशाला हवेत? समुद्रकाठचे शिंपले आहेत, नदीतील गोटे आहेत. रंगांची ओळख पानाफुलांवरून होते, खडबडीत-गुळगुळीत हा भेद झाडाच्या साली आणि चिंचोके सांगतात, मोजणी बियांनी होते, बोटांचे वळण मातीकामाने आणि फुले ओवल्याने येते. माँटेसरीबाईंचे तत्त्व तसेच राहिले आणि साहित्य पाड्याचे झाले. याला काटकसर म्हणणे पुरेसे होणार नाही. पाड्यावरील मूल आपल्या ओळखीच्या वस्तूंसमोर निर्भय असते. परक्या, चकचकीत वस्तूला हात लावताना ते आईकडे पाहते. ताराबाईंचा मोठेपणा येथे आहे. परदेशी विचार जसाच्या तसा उचलणारे पुष्कळ झाले आणि तो परदेशी म्हणून झिडकारणारेही पुष्कळ झाले.

१९४६ च्या निवडणुकीनंतर काही वर्षे ताराबाई मुंबई विधिमंडळाच्याही सदस्य होत्या. त्यांचे चित्त मात्र तेथे नव्हते, पाड्यांवर होते. पुढे १९५७ च्या सुमारास हे सर्व कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर हलविण्यात आले आणि भोवतालच्या आदिवासी पाड्यांशी त्याचे नाते अधिक घट्ट झाले. तेथे नवी अडचण उभी राहिली. सहा-सात वर्षांची मुले सकाळीच गुरे घेऊन रानात जात. पोरे मोकाट आहेत, शिकण्याची इच्छा नाही, असे कोणीही म्हणाले असते. पाहिले तेव्हा दिसले की ही मुले दिवसभर जबाबदारीचे काम करतात. एकेका मुलाला डझनभर गुरांवर नजर ठेवावी लागते; गुरू पिकात शिरले तर घरी मार मिळतो. अशा मुलाला आळशी कसे म्हणावे? तेव्हा शिक्षक गुरांमागे कुरणात गेले. गुरे चरत असताना झाडाखाली मुले गोळा होत. गाणी, हिशेब, अक्षरे, झाडापाखरांची माहिती असा अभ्यास चाले आणि मध्येच एखादा विद्यार्थी उठून आपली म्हैस वळवून आणी. ही कुरणशाळा. त्या मुलांना निरीक्षण शिकवावे लागले नाही. ते त्यांना शहरी मुलांहून अधिक येत होते.

मुली तरीही कमीच येत, कारण त्यांच्या कडेवर भावंड असे. त्यावरचा उपाय म्हणजे विकासवाडी. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. ताई वर्गात, भाऊ बालवाडीत आणि तान्हे पाळण्यात. मधून तान्हे रडले तर ताईने उठून पाहून यावे, त्याला मनाई नव्हती. तान्ह्या वयापासून प्राथमिक शाळेपर्यंत वाढीची अखंड साखळी धरून शिक्षणाची आखणी करावी, ही विकासवाडीमागील दृष्टी. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तीन ते आठ वर्षे हा एकसंध पायाभूत टप्पा मानला गेला, तेव्हा ही गोष्ट अनेकांना नवी वाटली. कोसबाडच्या टेकडीवर त्याहून लहान बाळांनाही त्या साखळीत जागा होती.

१९६२ साली भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण देऊन गौरविले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. अनुताईंनी टेकडी सोडली नाही. १९८५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि १९९२ मध्ये त्यांचे देहावसान होईपर्यंत ते कार्य त्यांनी वाढवीत नेले.

ताराबाईंच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव मिळाले. नाव सर्वत्र पोहोचले. त्याबरोबर पूरक आहार, वजन, लसीकरण ही मोलाची कामे गावोगाव पोहोचली आणि त्यांनी असंख्य बालके वाचविली, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि मुलाकडे पाहत बसण्याची जी मूळ विद्या, तिच्यासाठी रजिस्टरे आणि अहवाल यांच्या गर्दीत सेविकेजवळ किती वेळ उरतो, हा प्रश्न शिल्लक राहतो. शहरांत दुसरेच टोक दिसते. तीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल देऊन रोज पानभर लिहून घेणारे वर्ग भरभरून चालतात आणि ते लिहिणे पाहून आईवडीलही संतुष्ट होतात. ज्याची बोटे अजून चिंचोका उचलण्यास शिकत आहेत, त्याने ओळीत अक्षर काढले नाही म्हणून रागावणे ताराबाईंना कदापि मान्य झाले नसते.

बीड जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर कुरणशाळेचा आणि विकासवाडीचा प्रश्न येथे दरवर्षी नव्याने उभा राहतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास शिरूर कासार, पाटोदा, धारूर, वडवणी, केज या भागांतून ऊसतोड कामगारांच्या गाड्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, गावातच हंगामी वसतिगृहे झाली; त्यांचा लाभ अनेकांना झाला. सहा वर्षांखालील मूल मात्र वसतिगृहात राहू शकत नाही. ते आईबरोबर कारखान्याच्या तळावरील कोपीत जाते. कोयता घेऊन आई पहाटेच फडात उतरते, बांधावर साडीची झोळी बांधली जाते आणि झोळीला झोका देण्याचे काम सात-आठ वर्षांच्या बहिणीकडे येते. गावातील अंगणवाडीच्या पटावर या मुलांची नावे असतात. मार्च-एप्रिलमध्ये परत आल्यावर ती काही दिवस सेविकेच्या मागे मागे राहतात, कोणी वस्तू मागितली तर देत नाहीत, मोठा आवाज झाला की दचकतात. त्या दिवसांत त्यांना अक्षरे शिकविण्याची घाई न करता नुसते गोष्टींत आणि गाण्यांत बसू देणाऱ्या सेविका या जिल्ह्यात आहेत. त्यांपैकी अनेकींनी ताराबाईंचे नावही ऐकलेले नसेल.